सहा महिन्यांत नर्स होता येतं का?

‘बारावीनंतर सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स करा, नर्स म्हणून नोकरी पक्की’ हा मजकूर पुण्यात वर्षानुवर्षं फिरतोय. घरी लवकर पगार यावा असं वाटणाऱ्यांना तो खरा वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

नर्स म्हणून काम करायला राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. ती मिळते एएनएम (सहायक नर्स आणि प्रसूतीसेवेचा कोर्स, 2 वर्षं), जीएनएम (जनरल नर्सिंग आणि प्रसूतीसेवेचा डिप्लोमा, 3 वर्षं) किंवा बी.एस्सी. नर्सिंग (4 वर्षं) केल्यावर, तेही मान्यताप्राप्त संस्थेतून. जीएनएमला कला शाखेची मुलंही जाऊ शकतात, हे फार कमी घरांत माहीत असतं.

सहा महिन्यांचं प्रशिक्षण वाया जात नाही. कोथरूडसारख्या भागात घरी राहून आजीआजोबांची शुश्रूषा करणाऱ्यांची मोठी गरज आहे आणि ते मानाचं काम आहे. पण ते मदतनिसाचं, नर्सचं नव्हे.

फी भरण्याआधी विचारा: या प्रमाणपत्रावर कौन्सिलची नोंदणी होते का? उत्तर लेखी घ्या. कौन्सिलच्या वेबसाइटवरच्या मान्य संस्थांच्या यादीत नाव शोधा. प्रत्यक्ष वॉर्डातलं काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार तेही विचारा आणि त्या रुग्णालयात जाऊन खात्री करून या.