नल लिहिलं की डिफॉल्ट बसत नाही

डेटाबेसच्या टेबलात कॉलमला डिफॉल्ट, म्हणजे आपण काही दिलं नाही तर आपोआप बसणारी किंमत, कसं लावायचं हे सगळ्यांना येतं. घोळ पुढं होतो, ओळ घालताना. ‘डिफॉल्ट दिलंय, तरी नल कसं आलं?’ अहो, नल म्हणजे ‘इथं किंमत नाही’ ही खूण, ती तुम्हीच पाठवली म्हणून आली.

दूध संस्थेच्या संकलनाचं टेबल घ्या: सभासद, लिटर, फॅट, जनावर. संस्थेत म्हशीचं दूध जास्त, म्हणून जनावरला ‘म्हैस’ हे डिफॉल्ट.

‘इन्सर्ट इंटू संकलन (सभासद, लिटर) व्हॅल्यूज (१०५, ४.५)’ असं लिहिलं तर यादीत जनावर नाहीच. मग डेटाबेस डिफॉल्ट शोधतो आणि ‘म्हैस’ बसते. यादीत जनावर घेऊन शेवटी नल लिहिलं, तर नलच बसतं. डिफॉल्टकडं कोणी बघतही नाही, कारण कॉलमात काय घालायचं ते तुम्हीच सांगितलंय. वर कॉलमला ‘नॉट नल’ (नल चालणार नाही) ही अट लावली असेल तर थेट एरर. ‘नॉट नल आणि डिफॉल्ट दोन्ही असले की नलच्या जागी डिफॉल्ट येतं’ ही समजूत किती जणांच्या डोक्यात पक्की बसलीय! ओरॅकल या डेटाबेसमध्ये १२सी आवृत्तीपासून ‘डिफॉल्ट ऑन नल’ अशी वेगळी सोय आहे. ती मुद्दाम लिहावी लागते.

ही समजूत येते कुठून? मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ऑटो इन्क्रिमेंटमधून, म्हणजे आपोआप वाढत्या नंबरच्या कॉलममधून. तिथं नल दिलं तरी पुढचा नंबर मिळतो. तो अपवाद आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या तशाच नंबरवाल्या सीरियल कॉलमला नल देऊन बघा, लगेच एरर येईल.

कॉलम यादीत ठेवूनच डिफॉल्ट हवं असेल तर किमतीच्या जागी डिफॉल्ट हा शब्द लिहा, अवतरण चिन्हांशिवाय. चिन्हांत लिहिलात तर जनावराचं नावच ‘डिफॉल्ट’ पडेल. प्रोग्राम इन्सर्टमध्ये प्रश्नचिन्ह ठेवून किंमत मागून भरतो, त्या पॅरामीटरमधूनही तो शब्द जात नाही, आणि एसक्यूलाइट या डेटाबेसला व्हॅल्यूजमध्ये तो चालत नाही.

प्रत्यक्षात नल हातानं कोण लिहितं? फॉर्ममधला चौकोन मोकळा राहतो आणि प्रोग्राम सगळे कॉलम यादीत घालून मोकळ्या जागी नल पाठवतो. हायबरनेट (जावा प्रोग्राम डेटाबेसला जोडणारी लायब्ररी) मुळात असंच करतं; त्यातली डायनॅमिक इन्सर्ट ही सोय लावली की नल असलेले कॉलम वगळतं. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कचं नेहमीचं डिफॉल्ट तर पायथनमध्येच राहतं, थेट एसक्यूएलनं ओळ घातली की त्याचा उपयोग नाही. डेटाबेसातलं डिफॉल्ट जँगो ५.० पासून वेगळं देता येतं. म्हणून डेटाबेसला शिव्या घालण्याआधी लॉगमधली, डेटाबेसकडं गेलेली खरी क्वेरी बघा. यादीत जनावर दिसलं की चोर सापडला. मोकळी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) हा तिसराच प्रकार: ओरॅकल तिला नल मानतं, बाकीचे बहुतेक मानत नाहीत.

आता फॅट. त्याला डिफॉल्ट ० लावणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. मशीन बंद होतं, फॅट मोजलंच नाही, तर तिथं नलच पाहिजे. सभासदाची फॅट ६, ७, ८ आणि एकदा न मोजलेली. नल असेल तर सरासरी ७, कारण सरासरी काढताना नल धरलं जात नाही. ० असेल तर ५.२५, आणि बिलाच्या दिवशी भांडण. जनावर, पाळी, नोंदीची वेळ यांना डिफॉल्ट खुशाल द्या. मोजून येणाऱ्या आकड्याला कधीच नको.

डिफॉल्ट नंतर बदललं तर ते पुढच्या ओळींनाच लागतं. आधी पडलेली नल आपोआप भरत नाहीत, ‘अपडेट’ चालवावं लागतं. तिथं ‘सेट जनावर = डिफॉल्ट’ पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर तिन्हीकडं चालतं. मात्र ‘व्हेअर जनावर इज नल’ ही अट विसरलात, तर गाईवाल्यांचंही दूध म्हशीचं होईल.