गॅझेटिअरपासून शोधगंगेपर्यंत: नाशिकच्या अभ्यासकाची संदर्भसाधने

नाशिकच्या प्राचीन इतिहासावर प्रबंध लिहायला घेणारा विद्यार्थी आजही बहुधा आधी १८८३ सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा खंड उघडतो, आणि ते योग्यच आहे; जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या या खंडासाठी पांडवलेण्यांची आणि तेथील शिलालेखांची माहिती पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सिद्ध केली होती. अडचण येते ती अनेकांचा शोध याच खंडापाशी संपतो म्हणून. पुढे एमिल सेनार यांनी हे लेख नव्याने वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांना वाहिलेल्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात प्रसिद्ध केले, आणि १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षहरात वंशातील क्षत्रप राजा नहपान याच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा हाती लागला. त्यांतील निम्म्याहून बऱ्याच अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेण्यातील लेखात त्याला क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हटले आहे. त्या शब्दांना असा रोकडा पुरावा मिळाला, पण १८८३ च्या खंडात तो असणे शक्यच नव्हते. संदर्भग्रंथावरचे साल पाहायची सवय लागायला याहून जवळचे उदाहरण नाशिककराला मिळणार नाही.

ग्रंथ जवळ असण्याची सोय या शहरात जुनी आहे. सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची. मात्र पुस्तक कपाटात असणे आणि ते आहे हे अभ्यासकाला कळणे यांत अंतर असते, आणि ते मिटवण्याचे काम मराठीत बरेच उशिरा झाले. शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्येच आला होता, केतकरांचा ज्ञानकोश १९२० च्या दशकात पुरा झाला. पण मराठीत आजवर छापले काय गेले, या साध्या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले ते शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीमुळे. १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांची त्यांनी विषयवार वर्गवारी लावली आणि पुढील खंडात ती १९५० पर्यंत आणली. कोशकारांची नावे घरोघरी ठाऊक असतात, सूचिकाराचे मात्र प्रबंधाच्या ऋणनिर्देशातही क्वचितच सापडते. हा अन्याय आहे असे मला वाटते. १९७६ पासून येऊ लागलेल्या मराठी विश्वकोशात अनेक नोंदींखाली संदर्भग्रंथ दिले गेले, त्यामुळे नोंद वाचून पुढे कुठे जायचे हेही वाचकाला समजू लागले.

१९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्ये स्थापन झाले. ग्रंथालयापासून दूर राहून शिकणाऱ्यांना घरबसल्या संदर्भ कसे मिळावेत, हा प्रश्न त्यामुळे शहराच्या दारातच आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएचडी प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती जमा करण्याचा पाया घातला आणि ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरचे प्रबंध खुले होऊ लागले. तिथेही जुने खाचखळगे आहेतच. शोधचौकटीत ‘नाशिक’ लिहिले की ‘नासिक’ असे छापलेली जुनी शीर्षके निसटू शकतात, रोमन लिपीत शोधताना ‘श’ आणि ‘स’ची दोन्ही स्पेलिंगे घालून पाहावी लागतात, आणि लेण्यांवरचे साहित्य कधी ‘पांडवलेणी’, कधी ‘पांडुलेणी’, तर कधी ‘त्रिरश्मी’ या नावाखाली नोंदलेले असते.