गंजावर रंग मारला की गंज थांबतो? नाही हो

जुन्या गाडीच्या दाराखाली किंवा चाकाच्या कमानीवर रंगाचा पापुद्रा सुटला की कोणीतरी सांगणारच, टच-अपची बाटली आण आणि मार वरून, हवा बंद झाली की गंज मरतो. ऐकायला पटतं, पण तसं होत नाही. गंज असतो भुसभुशीत, त्यात ओल आधीच मुरलेली, कोकणातली गाडी असेल तर खारटपणा पण, आणि रंगाच्या थरातून थोडी वाफ आत जातेच, त्यामुळे वरून चकाचक आणि आत काम चालूच, पुढच्या पावसाळ्यात तिथेच फुगा. टच-अपऐवजी नेलपॉलिश फासणाऱ्यांनो, तुम्ही पण ऐका.

खरी मेहनत रंगाच्या आधीची. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं, भोवतालच्या रंगाच्या कडा ३२० नंबरच्या बारीक पेपरने उतरत्या करायच्या, खड्ड्यात काळे ठिपके राहिलेच तर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचा टिकाऊ थर बनवणारं रसायन, आणि प्रायमर शक्यतो त्याच दिवशी, कारण उघडा पत्रा दमट हवेत रातोरात लाल होतो. मग रंगाचे पातळ दोन-तीन हात, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. पेपर घासताना भोक पडलं तर मात्र थेट वेल्डिंगवाल्याकडे.