एकाच चित्रकाराचं म्युझियम बघणं

एकाच चित्रकाराचं म्युझियम म्हणजे सगळ्या भिंती एकाच माणसाच्या. चित्रं तर असतातच, पण स्केचबुकं, पत्रं, अर्धवट सोडलेली कामं पण असतात आणि खरी मजा त्यातच आहे. नेहमीच्या म्युझियममध्ये एका चित्रकाराचं एखादंच गाजलेलं चित्र दिसतं, इथे मात्र तो हळूहळू कसा घडत गेला ते दिसतं.

नाशिकमधून निघायचं तर कोल्हापूरला राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, सिनेमातले चंद्रकांत, त्यांनी स्वतःचं राहतं घर चित्रांसकट सरकारला दिलं. त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी रंगाची पूड घासून केलेली कामं जवळून बघावीत, ब्रशचा फटकारा कुठे सापडत नाही. अहमदाबादला चित्रकार एम. एफ. हुसेन यांची गुफा आहे, बांधली वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी, जमिनीखाली, आणि हुसेननी थेट भिंतींवर रंगवलंय, त्यामुळे ती चित्रं काढून दुसरीकडे नेताच येत नाहीत. आपल्याकडे पांडवलेण्याच्या पायथ्याला फाळके स्मारक आहे, ते सिनेमाचं, पण फाळकेही आधी मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकलेले हे विसरायला नको.

जगात सगळ्यात जास्त नाव अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमचं, सुरू झालं 1973 मध्ये. तिथे 200 च्या वर पेंटिंग्ज आणि 500 च्या आसपास ड्रॉइंग्ज आहेत. हे सगळं एकत्र राहिलं ते मुख्यतः जो नावाच्या बाईमुळे. चित्रकार विन्सेंट व्हॅन गॉग 1890 च्या जुलैत गेला, सहा महिन्यांत भाऊ थिओ पण गेला, आणि थिओच्या या बायकोने कडेवर लहान मूल असताना ती चित्रं सांभाळली, प्रदर्शनं भरवली, 1914 ला भावाभावांची पत्रं छापली. तिचं नाव घेतल्याशिवाय हे म्युझियम बघूच नये असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात सूर्यफुलांपासून करू नका, सगळे तिकडेच पळतात. आधी 1885 चं बटाटे खाणारं कुटुंब बघा. काळपट हिरवट चित्र, एकच दिवा, एकाच ताटातले वाफाळते बटाटे आणि हाडं वर आलेले हात, ज्या हातांनी बटाटे खणले तेच हात जेवताना दाखवायचे असं त्याच्या डोक्यात होतं. निफाड-लासलगावकडे कांदा काढणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी पाहिलेत त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. या एका चित्राआधी त्याने शेतकऱ्यांचे निदान चाळीस चेहरे रंगवले, त्यातले बरेच फसलेले वाटतात, पण तेही बघा. पुढे पॅरिसला पैसे नव्हते तेव्हा अशाच काही कॅनव्हासच्या मागच्या बाजूला त्याने स्वतःचे चेहरे काढले.

मग बेडरूमचं चित्र. आज भिंती निळ्या दिसतात, मूळच्या जांभळट होत्या, लाल रंग उडून गेला. कागदावरची कामं याच भीतीने मंद उजेडात आणि आलटून पालटून लावतात, त्यामुळे हवं ते ड्रॉइंग त्या दिवशी असेलच असं नाही. तारांकित रात्र तर तिथे नाहीच, ती न्यूयॉर्कला आहे.

तिकीट आधी ऑनलाइन, वेळ ठरवूनच मिळतं. निदान तीन तास हाताशी ठेवा आणि शेवटी बदामाच्या फुलांसमोर थोडं थांबा, ते त्याने 1890 मध्ये थिओ आणि जोच्या त्या बाळासाठी काढलं होतं आणि त्याच बाळाने मोठेपणी हे सगळं म्युझियमसाठी दिलं.