मेलामाइन

मेलामाइन हे पांढरे, स्फटिकरूप सेंद्रिय संयुग असून त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. रेणुभार १२६. सुमारे ३५० अंश सेल्सियसला ते विघटन पावत वितळते. थंड पाण्यात जेमतेम विरघळते, २० अंशांना लिटरमागे ३ ग्रॅमच्या आसपास. लीबिख यांनी ते १८३४ मध्ये प्रथम तयार केले.

आज ते युरियापासून बनते. सुमारे ४०० अंशांना युरियाच्या सहा रेणूंतून मेलामाइनचा एक रेणू मिळतो. बाकी अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. म्हणजे १ किलो मेलामाइनला हिशेबाने २.८६ किलो युरिया लागतो आणि सुटणारे वायू पुन्हा युरियाकडे वळवता आले तरच धंदा परवडतो. बडोद्याला फर्टिलायझरनगरातील जीएसएफसी (गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स) कंपनीच्या खत संकुलात मेलामाइन बनते, ते या गणितामुळेच.

खरे कौशल्य रेझिन, म्हणजे मेलामाइन आणि फॉर्मेल्डिहाइड यांच्यापासून बनणारा राळेसारखा पदार्थ, शिजवण्यात आहे. १२६ किलो मेलामाइनला ३७ टक्क्यांचे सुमारे १६२ किलो फॉर्मेलिन (फॉर्मेल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण) घेतले, की एकास दोन हे रेणुप्रमाण साधते. फॉर्मेलिन आम्लधर्मी असते, म्हणून आधी कॉस्टिक सोड्याने सामू (पीएच) ९ च्या आसपास आणायचा, मगच मेलामाइन टाकून ८० ते ९० अंशांपर्यंत तापवायचे. गढूळ मिश्रण नितळ झाले, की रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागतात. येथून पुढे घड्याळापेक्षा पाण्याच्या चाचणीवर भरवसा ठेवावा: परीक्षानळीत थंड केलेल्या रेझिनमध्ये थेंब थेंब पाणी घालून ते केव्हा दुधाळ होते ते पाहतात. ठरलेली मर्यादा आली, की ताबडतोब थंड करायचे. शिजताना फॉर्मिक आम्ल तयार होऊन सामू उतरत जातो. तिकडे दुर्लक्ष झाले तर अभिक्रिया भडकते आणि सगळा घाणा (एका वेळी शिजवलेला माल) रिअॅक्टरमध्येच गोठतो. तो पुन्हा वितळत नाही, फोडूनच काढावा लागतो.

सर्वाधिक खप लॅमिनेटमध्ये, म्हणजे फर्निचरवर चिकटवायच्या कागद आणि रेझिनच्या कडक पत्र्यांमध्ये. वरचा नक्षीचा कागद मेलामाइन रेझिनमध्ये, तर आतले क्राफ्ट (जाड तपकिरी) कागद स्वस्त फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून वाळवतात आणि १३० ते १५० अंशांना दाबतात. नक्षीच्या कागदात ओल जास्त राहिली तर फोड येतात. तो फार वाळला तर रेझिन पसरत नाही आणि पांढरे डाग उरतात. प्रेस गरम असतानाच उघडली तर चकाकी जाते, पत्रा वळतो. ठिसूळपणा कमी करायला रेझिनमध्ये थोडे कॅप्रोलॅक्टम हे रसायन घालतात. याशिवाय भट्टीत पक्के होणारे मोटारींचे रंग, काँक्रीटमधील पाणी घटवणारी रसायने आणि आग रोखणारा फोम यांतही मेलामाइन लागते.

फॉर्मेल्डिहाइड कर्करोगजनक आहे, त्यामुळे रिअॅक्टर आणि प्रेस दोन्हींवर वायू ओढून घेणारी सोय हवीच. दुधातील प्रथिने नायट्रोजनवरून मोजली जात असल्याने मेलामाइनची भेसळ चाचणीला फसवते. २००८ मध्ये चीनमध्ये अशा दुधाने लाखो बाळांना मूत्रपिंडाचे विकार झाले. चांगल्या मेलामाइनच्या ताटल्या रोजच्या जेवणाला चालतात, पण त्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नयेत आणि उकळते टोमॅटोचे सार त्यांत ओतू नये: उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले, की मेलामाइन व फॉर्मेल्डिहाइड अन्नात उतरतात.