काळ्या मातीतलं तळघर : पंपाआधीची कामं

विदर्भातल्या खेड्यांत तळघरं थोडीच. जुन्या वाड्यातलं एखादं, नाहीतर तालुक्याच्या गावी दुकानाखालचं गोदाम. पण साधी घरंही आता अर्धी तळघरं होत चालली आहेत, कारण गल्लीतला सिमेंटचा रस्ता दर खेपेला जुन्या रस्त्यावरच ओततात आणि जोतं खाली राहतं. झडी लागली की दोन्हीकडे सारखंच : कोपऱ्यातून पाणी झिरपतं, पोत्यांना बुरशी येते आणि मालक पंप आणायला निघतो. खरं तर पंपाचा नंबर शेवटी लागतो.

आधी माती समजून घेऊ. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि मातीतली छिद्रं बुजतात. एकदा भिजली की ही माती पाणी खाली जाऊच देत नाही. तळघराच्या भिंतीबाहेरचा चर मात्र बांधकामानंतर भुसभुशीत मातीने बुजवलेला असतो, दाबलेला क्वचितच. म्हणजे भोवती न गळणारं घमेलं आणि मधे तळघर. छपराचं पाणी भिंतीलगत पडतं, चरातून सरळ पायापर्यंत उतरतं आणि तिथेच साचतं. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून तर मृगाचा पहिलाच पाऊस थेट खाली जातो.

साचलेलं पाणी दाबही देतं. बाहेर पाणी फरशीच्या 1 मीटर वर उभं असेल, तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून सुमारे 1 टन रेटा बसतो. 10 सेंमी जाडीच्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला जेमतेम 240 किलो. मग फरशी मधोमध उचलते, तडकते. आतून लावलेला वॉटरप्रूफिंगचा थर याच दाबाने पापुद्र्यासारखा सुटतो, आणि दुकानदाराने दहा वर्षांची हमी दिली तरी सुटतोच.

ओल कुठून येते हे मात्र आधी तपासा. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूने दिसले तर ते हवेतलं बाष्प. बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर 26 अंशांखालच्या कोणत्याही दगडाला घाम फुटतो. अशा वेळी हवा यावी म्हणून तळघराचं दार उघडं टाकलं तर ओल वाढतेच.

भिंतीतून पाणी येत असेल तर सुरुवात छपरापासून. 50 चौरस मीटरच्या छपरावर तासात 50 मिमी पाऊस पडला तर 2,500 लिटर पाणी भिंतीपाशी येतं. पन्हळ लावून ते नालीपर्यंत न्या. चरावरची माती धुम्मसने ठोकून बसवा. भिंतीपासून 3 मीटरपर्यंत 15 सेंमी उतार द्या. जोत्याभोवती मीटरभर रुंद काँक्रीटचा पट्टा ओता आणि भिंतीशी असलेला सांधा डांबराने भरा, नाहीतर पट्टाच पाण्याची वाट होतो. शोषखड्डा काळ्या मातीतच संपत असेल तर घराशेजारी करूच नका. तो मुरमापर्यंत पोचला तरच पाणी मुरतं. बहुतेक घरांचं दुखणं इथेच थांबतं.

तरीही पाणी येत असेल तर आतून चर. 3 बाय 4 मीटरच्या खोलीचा घेर 14 मीटर. भिंतीलगत 30 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल चर घ्या, पण पायाच्या तळाखाली खोदू नका. त्यात जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) अंथरा, 20 मिमीची धुतलेली गिट्टी (साधारण अर्धा ब्रास, म्हणजे 50 घनफूट) भरा आणि मधे छिद्रांचा 110 मिमी पीव्हीसी पाइप टाका. छिद्रं खालच्या बाजूला. मिस्त्री हमखास वर करतात, मग पाइप बुडेपर्यंत पाणी आत शिरत नाही. उतार मीटरला 1 सेंमी, दोन्ही बाजूंनी एका कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे. शेजारी उताराची जागा असेल तर तिथूनच पाइप बाहेर काढा. मग ना वीज लागते, ना मोटर.

उताराची जागा नसेल तर कोपऱ्यातल्या खड्ड्यात 60 सेंमी व्यासाची सिमेंटची कडी (गोल रिंग) 75 सेंमी खोल बसवा. पाणी किती येतं हे मोजणं सोपं आहे : या खड्ड्यात 1 सेंमी पाणी चढलं म्हणजे 2.8 लिटर. ऐन झडीत मिनिटाला 10 सेंमी चढलं तर तासाला सुमारे 1,700 लिटर. पंप याच्या दुप्पट उपसणारा हवा, आणि तेही तुम्हाला पाणी जेवढं वर चढवायचं आहे तेवढ्या उंचीला. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा शून्य उंचीचा असतो. पंप विटेवर ठेवा, गाळात नको. फ्लोट (पाण्यासोबत वर-खाली होऊन मोटर चालू-बंद करणारा तरंगता स्विच) भिंतीला अडकत नाही ना, पाहा. मोटर जळते ती बहुधा याच कारणाने. वरच्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) आणि त्याखाली 3 मिमीचं छिद्र ठेवलं तर हवा अडकून पंप कोरडा फिरत नाही. बाहेरचं तोंड घरापासून 5 मीटर तरी दूर, नालीत.

उपसलेलं पाणी दिवसेंदिवस गढूळच येत राहिलं तर पंप बंद करा. त्या पाण्याबरोबर पायाखालची माती वाहून चालली आहे. जुन्या वाड्यांच्या मातीत रचलेल्या भिंतींना हा धोका जास्त.

वीज नेमकी वादळी पावसातच जाते. अर्ध्या एचपीची मोटर सुमारे 600 वॉट घेते आणि सुरू होताना त्याच्या कैकपट, म्हणून छोटा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. ओल्या जागेत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग नसेल तर मोटर जोडूच नका. पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात खारं पाणी लोखंडी पंप खातं, त्यामुळे तिथे प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टीलचाच घ्या. आणि मे महिन्याच्या शेवटी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतून फ्लोट उचलतो का ते बघून ठेवा.