बांधकाम परवानगी: अर्ज टाकण्याआधीची बैठक, पात्रता आणि कागदपत्रं

घर बांधायचं ठरलं की मराठवाड्यात बहुतेक जण आधी गुत्तेदार गाठतात. मिस्त्रीच्या अंदाजाने पाया खणला जातो आणि परवानगीची फाइल मागून धावत येते. हा क्रम उलटा हवा. मालक, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि गुत्तेदार या चौघांनी अर्ज टाकण्याआधी एकत्र बसायला हवं, आणि तेही शक्यतो प्लॉटवरच. नकाशा मंजूर झाल्यावर भिंत सरकवायची म्हटलं की सुधारित नकाशा, पुन्हा शुल्क आणि पुन्हा फेऱ्या आल्याच.

अर्ज कोण करू शकतं

अर्ज मालकाच्या नावाने जातो. नकाशा मात्र परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीनेच दाखल होतो. मालकीचा पुरावा म्हणजे चालू सातबारा किंवा सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, आणि जोडीला नोंदणीकृत खरेदीखत. जागा अजून आजोबांच्याच नावावर असेल तर आधी वारसनोंद करून फेरफार मंजूर करून घ्या. भाऊ-बहिणी सहहिस्सेदार असतील तर त्यांची संमती लेखी घ्या. घरातला तोंडी शब्द कितीही पक्का असला तरी फाइलला तो चालत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बारकाईने पाहावी लागते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (विक्री-हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन), खिदमतमाश (सेवेच्या बदल्यात दिलेलं इनाम), मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेलं इनाम), देवस्थान इनाम किंवा कुळाची नोंद असेल तर तिथेच थांबा. निजामकाळच्या अशा जमिनींत प्रकारानुसार हैदराबाद कुळवहिवाट कायदा १९५० किंवा इनाम रद्द करणारा १९५४ चा कायदा आडवा येऊ शकतो. त्यामुळे जमिनीची नेमकी स्थिती आधी तहसील कार्यालयात तपासून घ्यावी लागते. गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेला प्लॉट असेल तर २००१ च्या कायद्याखाली तो नियमित केल्याचं प्रमाणपत्र लागतं. २०२१ च्या दुरुस्तीने या कायद्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत वाढवली आहे.

अर्ज कुठे करायचा

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड आणि लातूर इथे महापालिका आहेत, इतर शहरांत नगर परिषद किंवा नगरपंचायत. हद्दीबाहेरच्या जागेसाठी जिल्ह्याचं नगर रचना कार्यालय आणि गावठाणासाठी ग्रामपंचायत, इथून चौकशी सुरू करा. नियम ३ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीचे आहेत. मंजूर लेआउटमधला प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत असेल आणि मजल्यांच्या व इतर अटी पाळल्या असतील, तर परवानाधारकाने प्रमाणित केलेला नकाशा देऊन शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानतात. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी १० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. त्यापुढे नेहमीची छाननी होते.

बैठकीआधी मोजणी आणि माती

भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आधी करून घ्या. कागदावरची हद्द आणि जागेवरचं कुंपण यात दीड-दोन फुटांचा फरक निघाला तर सामासिक अंतराचं (हद्दीपासून बांधकामापर्यंत मोकळं सोडायच्या जागेचं) सगळं गणित बिघडतं.

त्यानंतर माती. शेतीसाठी खताच्या हिशेबाने करतात ती तपासणी इथे कामाची नाही, पायाची तपासणी वेगळी असते. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस पडला की तीच माती फुगून जोता वर ढकलते. दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर धावते. म्हणून मुरूम किंवा खडक किती खोलीवर आहे हे खड्डा घेऊन पाहायचं आणि पायाचा प्रकार इंजिनिअरने अहवाल हातात घेऊनच ठरवायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचं माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पैसे वाचवायचा विचारही करू नका, घर एकमजली असलं तरी.

बैठकीत काय ठरवायचं

प्लॉटवर फक्की मारून खोल्या आखा आणि घरातल्या बायकांना त्या आखणीतून चालू द्या. ओटा कुठे, दार कोणत्या बाजूला उघडणार, धुणं कुठे वाळणार हे कागदापेक्षा तिथे लवकर कळतं. गाडी लावायच्या जागेत कॉलम येतोय का, जिन्यावरून जाताना बीम डोक्याला लागणार का, हे आर्किटेक्ट आणि इंजिनिअर यांनी समोरासमोर मिटवायचं. बोअर आणि शोषखड्डा प्लॉटच्या विरुद्ध टोकांना ठेवा. पुढे वरचा मजला चढवायचा असेल तर आजच सांगा, पाया त्या हिशेबाने धरावा लागतो. गुत्तेदाराकडून दोन गोष्टी ऐकून घ्या: वाळू की क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), आणि स्लॅबच्या वेळी पाणी कुठून येणार. मे महिन्यात टँकरवर क्युरिंग उरकायची वेळ आली की काँक्रीट कच्चं राहतं. ठरलेलं सगळं एका कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या.

फाइलमध्ये काय लागतं

मालकीची कागदपत्रं, मोजणी नकाशा, लेआउट मंजुरीची प्रत, मालमत्ता कराची पावती, बांधकामाचे नकाशे, परवानाधारकाचं देखरेखीचं हमीपत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र. जागेनुसार ना हरकत दाखले वाढतात. बीबी का मकबरा किंवा दौलताबाद किल्ल्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये वेगळी परवानगी लागते. प्लॉट ५०० चौरस मीटर किंवा मोठा असेल तर पर्जन्यजल संधारणाची सोय नकाशातच दाखवायची. माझं म्हणाल तर प्लॉट लहान असला तरी गच्चीचं पाणी बोअरकडे वळवाच.

प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे काम सुरू करायच्या परवानगीची मुदत १ वर्ष असते. काम सुरू झालं नाही तर ती संपण्याआधी वाढवून घ्या. जोत्यापर्यंत काम आलं की जोता तपासणी आणि काम संपल्यावर परवानाधारकाचा पूर्णत्वाचा दाखला जोडून भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायची परवानगी) घ्यायचं. मंजूर नकाशाची एक प्रत शेवटपर्यंत साइटवर ठेवा आणि सेंट्रिंगवाल्यालाही तीच दाखवा.